ग्रीन कार्डच ठेवायचं की अमेरिकन नागरिक व्हायचं?

ग्रीन कार्डाला, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याला, पाच वर्षं झाली की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जेवणानंतर हा विषय हमखास निघतो, आणि दहा मिनिटांत कोणीतरी गावाकडची जमीन काढतं. म्हणून जमिनीचंच आधी मिटवू.

'भारतीय नागरिकत्व सोडलं की शेतजमीन घेता येत नाही' हे खरंच आहे. पण भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयलाही फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांमुळे शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही! वारसाने आलेली जमीन दोघांनाही मिळते, सातबाऱ्यावर नाव लागतं. फ्लॅट आणि बिगरशेती प्लॉट दोघांनाही घेता येतात. फरक पडतो तो कायमचं परत जाऊन नव्याने शेती घ्यायची असेल तरच. तसा बेत नसेल तर जमिनीचा मुद्दा यादीतून खोडा.

खरा मुद्दा वेगळा आहे: पुढची वर्षं तुम्ही नेमके कुठे काढणार?

ग्रीन कार्डाचा अर्थच मुळी 'मी अमेरिकेत राहतो' असा आहे. आईचं ऑपरेशन झालं, तुम्ही साताऱ्यात आठ महिने राहिलात, की परतताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात. वर्षभराहून जास्त राहायचं असेल तर आधीच, अमेरिकेत असतानाच, रीएंट्री परमिटचा (परत प्रवेशाच्या परवान्याचा) अर्ज करावा लागतो. शिवाय सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा हिशोबही धोक्यात येतो. नागरिकाला यातलं काही नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते आजीवन व्हिसासारखं कार्ड; त्यावर तो भारतात हवा तितका काळ राहू शकतो, पोलिसांकडे नोंदणीही लागत नाही. गंमत पाहा: ज्याला म्हातारपणी आठ महिने पुण्यात आणि चार महिने नातवंडांकडे काढायचेत, त्यालाच अमेरिकन पासपोर्टाची जास्त गरज आहे.

आईवडिलांना इकडे आणायचं असेल तर तुलनाच संपते. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येतो आणि त्यांना व्हिसाच्या कोट्याची रांग नसते. ग्रीन कार्डवाल्याला तो अर्जच करता येत नाही. भावंडांसाठीही नागरिकच अर्ज करू शकतो, पण भारतीयांची ती रांग जवळपास दोन दशकांची आहे, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

पैशाचं थोडक्यात. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार कार्डाचं दहा वर्षांनी होणारं नूतनीकरण ऑनलाइन ४१५ डॉलर, तर नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज ७१० डॉलर. दोन नूतनीकरणांतच नागरिकत्व स्वस्त ठरतं, अर्थात पुढे नवा पासपोर्ट आणि ओसीआयचा खर्च आहेच.

अर्ज पाच वर्षं पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी भरता येतो. नागरिक जोडीदारासोबत राहत असाल तर तीन वर्षं पुरतात. पाच वर्षांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत घालवलेले हवेत. सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे पासपोर्टावरचे शिक्के बघून प्रत्येक परदेश प्रवासाच्या तारखा जुळवणं. नागरिकशास्त्राची परीक्षा आता थोडी अवघड झाली आहे: २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० प्रश्न, त्यांतले १२ बरोबर हवेत. वय पन्नाशीपुढे आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं झाली असतील (किंवा वय ५५ आणि १५ वर्षं) तर इंग्रजीची परीक्षा माफ, दुभाषा घेऊन मराठीत उत्तरं देता येतात.

आता हातातून जातं काय? भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार अमेरिकेची शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. मतदानाचा हक्क जातो, पण एनआरआयला मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर जावं लागतं, त्यामुळे बहुतेकांनी तो हक्क कधी वापरलेलाच नसतो. सरकारी नोकरी नाही, निवडणूक लढवता येत नाही, पत्रकारिता किंवा संशोधनासाठी वेगळी परवानगी लागते. ओसीआयच्या नावात 'सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नव्हे, सरकार ते रद्द करू शकतं.

कराच्या बाबतीत इथे राहता तोवर दोघंही सारखेच, जगभरच्या कमाईवर कर. परत गेल्यावर मात्र नागरिकाला पुण्यात बसूनही अमेरिकेचं विवरणपत्र भरत राहावं लागतं. ग्रीन कार्ड परत करून त्यातून सुटता येतं, फक्त गेल्या १५ वर्षांपैकी आठ वर्षं कार्ड असेल तर देश सोडतानाच्या कराचे नियम लागू होऊ शकतात. म्हणून लवकरच गाशा गुंडाळून कायमचं जायचं नक्की असेल तर नागरिकत्वाच्या भानगडीत पडू नका, आठ वर्षं भरायच्या आत कार्ड परत करा. बाकी बहुतेकांनी, विशेषतः आईवडील भारतात आणि मुलं इथे अशांनी, घ्यावं.

एक खबरदारी. शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड जमा होतं, आणि त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. अमेरिकन पासपोर्ट, मग जुना भारतीय पासपोर्ट सरेंडर (सरकारला परत) करणं, मग ओसीआय, यात काही महिने सहज जातात. त्या काळात घरचं लग्न असेल तर शपथेची तारीख बघून तिकीट काढा, आणि भारतीय पासपोर्टाच्या सगळ्या पानांच्या प्रती आधीच काढून ठेवा.