आयएएसएल: टेबल बरोबर, तरी सीपीयू एकच

व्हर्च्युअल मशीनची एसीपीआय टेबलं (ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देणारे तक्ते) स्वतःच्या हातानं लिहायची खाज माझीच. छोटासा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम), आत गेस्ट म्हणून लिनक्स. चार व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) दिले आणि आत सीपीयू मोजणारी ‘एनप्रॉक’ कमांड म्हणतेय 1.

चेकसम पाहिला. टेबलातल्या सगळ्या बाइट्सची बेरीज 256 नं भागली की बाकी शून्य यावी लागते, ती येत होती. लांबीही जुळत होती. शेवटी गेस्टच्या ‘/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/टेबल्स’मधून एमएडीटी, म्हणजे सीपीयूंची यादी असलेलं टेबल, उचललं (फाइलचं नाव मात्र ‘एपिक’, नवखा माणूस तिथंच अर्धा तास चकतो) आणि आयएएसएलला ‘-डी’ लावून उलगडायला दिलं.

आयएएसएल म्हणजे एसीपीआयसीए प्रकल्पातला कंपायलर आणि डिसअसेम्बलर. ओपन सोर्स आहे, फुकट आहे. त्यानं काही कुरकुर न करता टेबल ओळीओळीनं मांडलं: ऑफसेट, लांबी, फील्डचं नाव, व्हॅल्यू. लोकल एपिकच्या (दर सीपीयूमागे एक) चार नोंदी, प्रत्येकी 8 बाइट्स. पहिलीत ‘प्रोसेसर एनेबल्ड : 1’, उरलेल्या तिन्हींत 0. लूपमध्ये फ्लॅग मी पहिल्याच नोंदीला लावला होता. हेच शून्य दोन संध्याकाळी हेक्सडंपमध्ये डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

चेकसम चुकला असता तर आयएएसएलनं किती हवा होता तेही शेजारी लिहून दिलं असतं. पण तीन सीपीयू बंद असणं त्याच्या लेखी चूकच नाही. टेबल नियमात बसतंय, विषय संपला. तेवढी अपेक्षा ठेवूनच वापरा.

डीएसडीटीसाठी (डिव्हाइसांचं वर्णन असलेलं टेबल) मात्र मी त्याची ऋणी आहे. एएमएलमध्ये (त्या टेबलातला बाइटकोड) पॅकेजची, म्हणजे एका तुकड्याची, लांबी 63 पर्यंत एका बाइटात मावते, पुढे जास्त बाइट लागतात, आणि त्या लांबीत हे बाइटही धरायचे. एक डिव्हाइस वाढवलं की ते ज्या तुकड्यांच्या आत आहे त्या सगळ्यांचे आकडे हलतात. एएसएल (एएमएलचं माणसाला वाचता येणारं रूप) लिहून आयएएसएलकडे दिलं की हा हिशेब तो मुकाट्यानं करतो.

अडचण एवढीच, की बाहेर पडते ती ठरीव फाइल. व्हीसीपीयू किती, हे मशीन सुरू करताना ठरतं, तेव्हा कंपायलर कोण चालवणार? म्हणून बाइट्स कोडमधूनच काढावे लागतात. क्यूएमू हा एम्युलेटर 1.7 पासून तेच करतो, त्याआधी हे काम गेस्टच्या फर्मवेअरकडे, सीबायोसकडे, होतं. रस्टवाल्यांना ‘एसीपीआय-टेबल्स’ क्रेट (लायब्ररी) आहे. पण क्यूएमूच्या चाचणीत टेबल साठवलेल्या नमुन्याशी जुळलं नाही, तर दोन्ही उलगडून फरक दाखवायला आयएएसएलच लागतं.

ती युक्ती मीही उचलली. गेल्या आठवड्यात हायपरवायझरमधून एचपीईटी हा टायमर काढला, डिफ चालवला, तर तो रिकामा. टायमर गेला होता, त्याचं टेबल अजून गेस्टला जात होतं.