चार डिस्कचा नास: लग्नाचा सीझन काढल्यावरचा अनुभव

आमचा स्टुडिओ बेळगावात, शहापूरला. निपाणी-खानापूरकडची लग्नं, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, सगळं फुटेज आता नासवर राहतं, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या, सगळ्यांना मिळून वापरता येणाऱ्या डिस्कच्या पेटीवर. १०० एमबीपीएसने फोर-के शूट केलं की एक कॅमेरा तासाला ४५ जीबी खातो, आणि लग्नाला कॅमेरे तीन. नास घेणारा पहिला प्रश्न ‘किती टीबी?’ असा विचारतो. मी म्हणेन, शेअर, म्हणजे पीसीवर ड्राइव्हसारखे उघडणारे नासवरचे मुख्य फोल्डर, कसे पाडणार ते आधी ठरवा.

एकाच शेअरमध्ये ‘नवीन’मधून ‘एडिटिंग’मध्ये ४०० जीबीचा फोल्डर ओढला तर लगेच जातो. डेटा डिस्कवर जागचा हलतच नाही, फक्त नोंद बदलते. शेअर बदलला की मात्र गाडी अडते. आमच्या नासवर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आहे, त्यात प्रत्येक शेअर म्हणजे वेगळा सबव्हॉल्यूम, म्हणजे स्वतंत्र कप्पा. डिस्क त्याच असल्या तरी आधी कॉपी होते, मग मूळ फाइल पुसली जाते. त्यात विंडोजमधून दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये ओढाओढ केली तर सगळा डेटा केबलमधून पीसीत येतो आणि तसाच परत जातो. गिगाबिट लाइनवर काटा सेकंदाला ११० एमबीच्या आसपास अडकतो, म्हणजे ४०० जीबीला तास धरा. वायफायवर तर नादच करू नका. येणाजाणारा डेटा एकाच चॅनेलवर भांडतो.

म्हणून आता ‘नवीन’, ‘एडिटिंग’, ‘दिलेले’ हे तिन्ही फोल्डर एकाच शेअरमध्ये आहेत. वेगळ्या शेअरमध्ये हलवायचंच असेल तर नासच्या ब्राउझरमधल्या फाइल मॅनेजरमधून. काम पेटीच्या आतच होतं, पीसी बंद करून घरी जाता येतं. खूप मोठा माल असेल तर एसएसएचने (दुसऱ्या मशिनवर कमांड द्यायची सोय) आत शिरून टीमक्समध्ये, म्हणजे आपण बाहेर पडलो तरी काम चालू ठेवणाऱ्या खिडकीत, आरसिंक ही फाइल कॉपी करायची कमांड लावतो, ‘रिमूव्ह-सोर्स-फाइल्स’ पर्याय देऊन. फाइल नीट पोचली तरच मूळ पुसतो. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएसचा दम संपून मध्येच बंद पडलं तरी तीच कमांड परत दिली की उरलेल्या फाइलींपासून पुढे चालू. रिकामे फोल्डर तेवढे मागे राहतात, ते हाताने काढायचे.

दोन गोष्टींनी डोकं खाल्लं. शेअर बदलून फाइली हलवल्या तरी जागा मोकळी होईना. बघतो तर जुन्या शेअरचं रिसायकल बिन चालू, पुसलेलं सगळं तिथे जमा. स्नॅपशॉट (शेअरच्या त्या-त्या वेळच्या जपून ठेवलेल्या प्रती) चालू असतील तर ते जुने होऊन जाईपर्यंतही जागा सुटत नाही. दुसरं परवानग्यांचं. त्याच शेअरमध्ये हलवलेली फाइल जुन्याच परवानग्या घेऊन जाते. आमच्या एडिटरला ‘एडिटिंग’मध्ये फाइल दिसायची, पण उघडायची नाही. “दादा, हे लॉक केलंय काय?” असा फोन भर मांडवात यायचा. आता फोल्डर हलवला की परवानग्या खालपर्यंत लावून टाकतो.

बाकी डिस्कची खरखर रात्री ऐकू येते, झोपायच्या खोलीत ठेवू नका. आणि एकटेच एका पीसीवर काम करत असाल तर एवढा खर्च कशाला, बाहेरची एसएसडी पुरते की.