स्तोरेर, पॅरिस : वही-पेन्सिल घेऊन जावं असं पेस्ट्रीचं दुकान

पॅरिसमध्ये चांगल्या पेस्ट्रीची दुकानं गल्लोगल्ली आहेत. स्तोरेरइतकाच चांगला एक्लेर (आत क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री) इतर कितीतरी ठिकाणी मिळेल. तरीही चित्रं काढणाऱ्या, डिझाइन करणाऱ्या, कापडात किंवा मातीत काम करणाऱ्या माणसाकडे पॅरिसमधल्या एकाच पेस्ट्रीच्या दुकानापुरता वेळ असेल, तर त्याने ५१, र्यू माँतोर्गेय हाच पत्ता गाठावा. दुकान जुनं आहे, पण ते काही एवढं मोठं कारण नाही. इथल्या जवळजवळ प्रत्येक आकारामागे कामाची गरज असते आणि ती उघड्या डोळ्यांनी दिसते, हे खरं कारण. काऊंटरवरच्या एखाद्या पदार्थाकडे बोट दाखवून ‘हा असाच का?’ असं विचारलं, तर उत्तर त्या पदार्थातच सापडतं. नक्षीच्या प्रेमात पडून अडकलेल्या कुणाही कलाकाराला ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

आधी थोडा इतिहास. गादी गमावलेला पोलंडचा राजा स्तानिस्लास अल्सास प्रांतात विसेम्बूरला राहत होता, तेव्हा निकोला स्तोरेर त्याच्याकडे मिठाईकामाला होता. १७२५ मध्ये राजाची मुलगी मारी लेश्चिन्स्का हिचं पंधराव्या लुईशी लग्न झालं आणि तिच्यामागोमाग स्तोरेर व्हर्सायला आला. पाच वर्षांनी, १७३० मध्ये, त्याने पॅरिसमध्ये हे दुकान थाटलं. शहरातलं सर्वांत जुनं पेस्ट्रीचं दुकान म्हणून ते ओळखलं जातं. बाबा, म्हणजे पाकात भिजवलेला यीस्टचा केक, हा त्याचा नावाजलेला पदार्थ. कोरडा पडलेला केक राजाने वाइनमध्ये भिजवून घेतला आणि त्यातून बाबा जन्मला, ही गोष्ट पाच जण पाच तऱ्हांनी सांगतात. सगळ्यांच्या सांगण्यात वाइन आहे, रम नाही. रम आली पुढच्या शतकात.

आत शिरलं की बहुतेकांची नजर सरळ काऊंटरवर जाते. ती आधी वर आणि बाजूंना न्यावी. भिंतींवरची सजावट १८६४ ची असून ती पॉल बोद्री याच्या नावे सांगितली जाते. पॅरिसच्या गार्निए ऑपेराच्या मोठ्या दालनाचं छत रंगवणारा तो हाच बोद्री. सजावटीला सरकारी ऐतिहासिक वारशाचं संरक्षण आहे. चित्रांतल्या स्त्रियांच्या हातांत याच दुकानातले पदार्थ आहेत. म्हणजे जाहिरातच, पण ऑपेराच्या तोडीची. स्त्रियांचे चेहरे उतरवून घेण्याच्या फंदात पडू नका, तेवढा वेळ मिळत नाही. त्यापेक्षा चौकटीची जाडी आणि आतल्या चित्राची रुंदी यांचं प्रमाण टिपा. इतक्या अरुंद जागेत एवढी सजावट अंगावर कशी येत नाही, याचं उत्तर त्या प्रमाणात आहे.

भिंतीवरून आठवलं म्हणून काचेमागच्या चित्रांविषयी. पॅरिसच्या अनेक जुन्या बेकऱ्यांच्या दर्शनी भागावर आणि छतावर काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रं आहेत. कारण साधं आहे. पिठाची धूळ, वाफ, धूर यांतून रंग वाचतो आणि पुढून ओलं फडकं मारता येतं. या पद्धतीत चित्र उलट्या क्रमाने रंगवतात. एरवी शेवटी देतो तो उजेडाचा ठिपका सर्वांत आधी, मग बारीक रेषा, मग मधले रंग आणि पार्श्वभूमी अगदी शेवटी. घरी करून बघायचं असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकचा कडक कागद आणि ॲक्रिलिक रंग पुरतात. पहिला थर पुरता वाळायच्या आत दुसरा दिला, तर ब्रशबरोबर खालचा रंग खरवडून निघतो. आणि अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी काढायची असतात, हे ऐन वेळी हमखास विसरायला होतं. शेवटचा ठिपका आधी ठरवावा लागल्यामुळे चित्र पूर्ण डोळ्यांसमोर असल्याशिवाय हातच उचलता येत नाही. या सरावाचा खरा फायदा तोच.

आता खाण्याकडे. तीनच गोष्टी घ्या : प्वी दामूर, एक्लेर आणि बाबा. खाण्याचा क्रमही हाच ठेवा. प्वी दामूरवरचा कॅरेमलचा पापुद्रा हवेतली ओल ओढतो आणि काही तासांत मऊ पडतो, म्हणून तो आधी. रमचा बाबा शेवटी, कारण त्यानंतर जिभेला व्हॅनिला नीट कळत नाही.

प्वी दामूर म्हणजे प्रेमाची विहीर. या दुकानातली आमची पहिली पसंती हीच. पदर सुटलेल्या पफ पेस्ट्रीची वाटी, आत व्हॅनिलाचं पेस्ट्री क्रीम, वर साखर पसरून तापलेल्या लोखंडाने केलेलं कॅरेमल. नीट बघितलं तर वरचा भाग सपाट असतो, क्रीमची टेकडी नसते. तापलेलं लोखंड सगळीकडे सारखं टेकायचं तर पृष्ठभाग सपाट हवा. तो उंचसखल असेल तर उंचवटा करपतो आणि खळग्यात साखर कच्ची राहते. सुरीच्या टोकाने वर हलकेच टकटक करा, काचेसारखा आवाज आला पाहिजे. मग दातेरी सुरीने, दाब न देता, करवतीसारखं पुढेमागे करत मधोमध कापा. दाबून कापलं तर पदर चिरडतात आणि बघायला काही उरत नाही. छेद दिसला की खाण्याआधी दोन मिनिटं थांबा. काळपट तपकिरी पातळ रेघ, खाली पिवळसर क्रीम, बाजूला पानापानांची भिंत. पफ पेस्ट्रीच्या पारंपरिक पद्धतीत लोणी गुंडाळलेल्या कणकेला तीनपदरी घडी सहा वेळा पडते, म्हणजे लोण्याचे ७२९ थर. भट्टीत कणकेतल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती हे थर एकमेकांपासून उचलते. घड्या घालताना लोणी वितळलं तर ते कणकेत मुरतं आणि पदरांऐवजी बिस्किट हाती येतं.

एक्लेर उलटा करून बघा. ज्या एक्लेरमध्ये क्रीम खालून भरलेलं असतं, त्याच्या तळाला बहुधा तीन छिद्रं असतात. एकाच छिद्रातून भरलं तर टोकं पोकळ राहतात. वरच्या फाँदाँची, म्हणजे साखरेच्या लेपाची, चकाकी हीसुद्धा तपासायची गोष्ट. फाँदाँ ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला वापरतात. त्याहून जास्त तापवला की वाळल्यावर निस्तेज पडतो. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या एक्लेरला घाम फुटतो आणि चकाकी जाते, तेव्हा घेतल्याबरोबर बघा, घेतल्याबरोबर खा.

रलिजिअझ आ लांसियेन काऊंटरवर दिसली तर ती विकत घ्यायची गरज नाही, नुसतं चित्र काढा. रलिजिअझ म्हणजे जोगीण. एरवी हा पदार्थ एका मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा असा असतो, इथला जुना प्रकार मात्र उभ्या एक्लेरांचा शंकू आहे. एक्लेर एकमेकांना टेकवून उभे केलेले असतात आणि दोन एक्लेरांमधल्या फटींवर लोण्याच्या क्रीमच्या रेघा ओढलेल्या असतात. ती नक्षी सांध्यांवरच आहे. जिथे जोड उघडा पडणार तिथे अलंकार, इतर जागा मोकळी. शिवणकाम किंवा सुतारकाम करणाऱ्याला हे बघताक्षणी ओळखीचं वाटेल.

बाबाचे इथे तीन प्रकार असतात. नुसता रमचा, वर शाँतियी म्हणजे फेटलेली गोड साय घातलेला आणि पेस्ट्री क्रीम-मनुकांचा अली-बाबा. पहिल्यांदा खाणाऱ्याने नुसता रमचाच घ्यावा. शाँतियीने चव सौम्य होते, पण पाक कितपत मुरला आहे ते झाकलं जातं. बाबा बुचासारखा उंच का, तेही बघण्यासारखं आहे. उंच साच्यात भाजल्यामुळे त्याला चारही बाजूंनी कवच येतं आणि पाकाने जड झाल्यावर ते कवच त्याला उभं धरतं. कापल्यावर मध्यभागी पांढरट, कोरडा डाग दिसला तर पाक आतपर्यंत पोचलेला नाही. बोटाने हलकं दाबलं की स्पंजसारखा परत वर यायला हवा.

घरी करून बघितल्याशिवाय बाबा पुरता समजत नाही, म्हणून प्रमाण देतो. २५० ग्रॅम मैदा (शक्यतो ब्रेडचा), ५ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम ताजं यीस्ट, ३ मोठी अंडी, लागेल तसं ५० मिलिलिटरपर्यंत कोमट दूध आणि ७५ ग्रॅम मऊ लोणी. लोणी सोडून सगळं एकत्र करून इतकं मळा की पीठ चिकट असूनही ताणल्यावर पातळ पडद्यासारखं पसरेल, फाटणार नाही. लोणी त्यानंतर, थोडं थोडं. आधीच घातलं तर पिठाला ताण येत नाही आणि भिजवताना बाबा फुटतो. साचे निम्म्यापेक्षा कमी भरा, पीठ काठाशी येईपर्यंत फुगू द्या आणि १८० अंशांवर साधारण २० मिनिटं, चांगला गडद रंग येईपर्यंत भाजा. मग जाळीवर एक दिवस उघडे ठेवा. इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं, कारण ताज्या बाबात पाकाला शिरायला जागा नसते.

पाकासाठी १ लिटर पाणी, ५०० ग्रॅम साखर, संत्र्याची साल, व्हॅनिला. हा एकतारीपेक्षा खूपच पातळ असतो, फक्त साखर विरघळून एक उकळी यायला हवी. दाट पाक बाहेरच थांबतो. पाक ५५-६० अंशांवर आला की बाबा त्यात सोडा आणि अधूनमधून उलटत राहा. उकळत्या पाकात बाबाचं कवच सुटतं, गार पाकात मध्य कोरडा राहतो. नीट भिजलेला बाबा स्वतःच्या वजनाहून जास्त पाक पितो, तेव्हा भिजवायच्या आधी आणि नंतर एक बाबा वजनकाट्यावर ठेवून खात्री करा. रम नंतर, जाळीवर निथळताना वरून घाला. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, त्यामुळे गरम पाकात घातलेल्या रमचा वास हवेत जातो. बाबाचे उंच साचे घ्यायचे तर र्यू कोकियेरवर १८२० पासून चालत आलेलं ई. दइलरँ हे भांड्यांचं दुकान इथून चालत दहा मिनिटांच्या आत आहे.

दुकानाबाहेरचा रस्ता हा या भेटीचा दुसरा अर्धा भाग. चित्रकार क्लोद मोनेने हीच र्यू माँतोर्गेय ३० जून १८७८ च्या उत्सवाच्या दिवशी, झेंड्यांनी भरलेली, एका बाल्कनीतून रंगवली. हे चित्र अनेकदा १४ जुलैच्या राष्ट्रीय सणाचं म्हणून सांगितलं जातं, पण तो सण सुरूच झाला १८८० मध्ये. चित्र ओर्से संग्रहालयाचं आहे, ८१ बाय ५० सेंटिमीटरचं, उभं. त्याच्या बरोबर एक पंचमांश, म्हणजे १६.२ बाय १० सेंटिमीटरची चौकट वहीत आखून ठेवा. रस्त्याच्या एका टोकाला उभं राहून फक्त दोन रंगांच्या पेन्सिली वापरा, तिसरा रंग कागदाचा पांढरा. आधी घरांच्या दोन तिरप्या बाजू, मग वरच्या पाट्या आणि छत्र्या छोट्या फटकाऱ्यांनी, माणसं अगदी शेवटी, प्रत्येकी एका रेघेत. खिडक्या मोजायला बसलात की चित्र मेलंच. पाट्यांची अक्षरं आवडत असतील तर ३८ क्रमांकाच्या लेस्कार्गो माँतोर्गेयवरची सोनेरी गोगलगाय चुकवू नका.

तिथून सीन नदीकडे चालत गेलं तर अर्ध्या तासात ओर्से येतं. सोमवारी ते बंद असतं, गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं. चित्र कधी इतरत्र प्रदर्शनाला गेलेलं असू शकतं, तेव्हा आधी संकेतस्थळ बघा. वाटेत नदीकाठच्या रस्त्यावर, ३, के व्होल्तेरला, सेनेलिए हे १८८७ पासूनचं रंगांचं दुकान लागतं. पिकासोसाठी १९४९ मध्ये त्यांनी तैलखडू तयार केले, ते आजही सुटे मिळतात. पिवळी गेरू, भाजकी सिएना आणि भाजकी अंबर एवढे तीन मातकट रंग घेतले की प्वी दामूरवरच्या कॅरेमलचा सगळा पल्ला हाताशी येतो. खडू फार मऊ असतात, कॅरेमलइतकेच उन्हाला घाबरतात, तेव्हा खिशात ठेवू नका.

जाण्यापूर्वी काही सूचना. मेट्रोचं साँतिए किंवा एतिएन मार्सेल स्थानक सोयीचं. शनिवार-रविवार टाळा. दुकान लहान आहे, रांग असताना वही उघडणं इतरांना अडचणीचं होतं, म्हणून आत फक्त बघा आणि रेखाटन बाहेर येऊन करा. याच नावाच्या इतर शाखाही निघाल्या आहेत, पण भिंतींवरची चित्रं बघायची तर हाच पत्ता हवा. दारातून शिरताना ‘बाँझूर’ म्हणायला विसरू नका, न म्हणणं तिथे उद्धटपणाचं मानतात. फोटो काढण्याआधी विचारा. तयार जेवणाचा वेगळा विभागही आहे, पण या कामासाठी त्यात वेळ घालवू नये. अंडी या सगळ्याच पदार्थांत असतात. मूस (फेटून हलका केलेला गोड पदार्थ) आणि आरशासारखी चकाकी असलेले केक यांत फ्रान्समध्ये बहुधा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून बनतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी ‘ई आ-तील द ला जेलातीन?’ असं विचारून घ्यावं. मद्य नको असेल तर बाबा वगळा. बांधून घेतलेला बाबा मात्र डबा अगदी सपाट धरूनच न्या. कलला की पाक कोपऱ्यात जमतो, कागद भिजतो आणि शेजारच्या प्वी दामूरचे पदर खालून मऊ पडतात. शक्य असेल तर दोन्ही वेगळ्या डब्यांत मागा.