दुकानातल्या पीसींची घड्याळं जुळवायला राउटर, रास्पबेरी पाय की जीपीएस?

मागे दुकानात पैशावरून वाद झाला. बिलावर ७:१२ आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच गिऱ्हाईक ७:०५ ला काउंटरवर उभं, आता खरं कुठलं मानायचं? तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतलाय. पीसीतलं घड्याळ चालवणारं साधं क्रिस्टल २० पीपीएमने, म्हणजे दहा लाखात २० ने, जरी चुकलं तरी महिन्याला ५० सेकंदांचा फरक पडतो, आणि मदरबोर्डवरचा २०३२ सेल उतरला असेल तर विचारूच नका, तो आधी बदला.

चार-पाचच पीसी असतील तर प्रत्येकाने थेट नेटवरून वेळ घेतली तरी चालतं, फुकटात काम होतं. पण नेट गेलं की जो तो आपल्या वाटेने जातो, आणि डीव्हीआरला (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) तर बरेचदा नेट दिलेलंच नसतं, म्हणून दुकानातलंच एक मशीन वेळ देणारं हवं.

त्यासाठी आधी राउटर बघा. मायक्रोटिक कंपनीचा किंवा ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर टाकलेला असेल तर एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरच्या बाकी मशीनना वेळ पुरवणारी सोय) त्यातच चालू करता येतो, एक रुपया लागत नाही. तसा नसेल तर जुना पीसी लावावासा वाटतो, पण ६० वॅटचा डबा रात्रंदिवस चालला की महिन्याला ४३ युनिट जातात हो! रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर ४ वॅटच्या आसपास खातो म्हणजे तीनेक युनिट, त्यात क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम टाकायचा आणि त्याच्या कॉन्फिगमध्ये नुसतं allow लिहून सगळ्यांना उघडं न सोडता allow पुढे पत्ता देऊन आपल्याच नेटवर्कला परवानगी द्यायची. फक्त पाय ४ पर्यंतच्या मॉडेलमध्ये स्वतःचं घड्याळ नसतं, लाइट जाऊन आली आणि नेट नसलं तर तो जुनीच वेळ धरून बसतो, त्यासाठी डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं छोटं मॉड्यूल सेलसकट लावाच.

उपग्रहावरून वेळ घेणारं जीपीएस मॉड्यूल नेट अजिबात नसलेल्या जागीच घ्या. अँटेनाला आकाश दिसावं लागतं आणि पीपीएसची (दर सेकंदाला एक ठोका देणारी) वायर जोडली नाही तर नेमकेपणा येत नाही, दुकानाला एवढं कशाला?

वेळ कुठून घ्यायची म्हणाल तर एनआयसी (सरकारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलचे (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे) सर्व्हर घाला, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशातही कंपन्यांना तेच सांगितलंय. माझं मत राउटर, नाहीतर पाय. आणि डीव्हीआरमध्ये टाइम झोन ५:३० आहे ना ते स्वतः बघा, मी बघितलं तेव्हा तिथे ८:०० होतं.