नर्सेससाठी लैंगिक आरोग्याचं ट्रेनिंग, जळगाव (२ दिवस), माझ्याकडून ५ पैकी ४

मी अकरा वर्षं मेडिसिन वॉर्डला आहे. शुगरच्या, हार्टच्या पेशंटला डिस्चार्ज देताना गोळ्या, पथ्य, फॉलोअप सगळं सांगते पण नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कधी एक अक्षर नाही, कारण ते कसं बोलायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही, म्हणून रजा टाकून गेले.

सगळा भर मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांच्या १९७६ च्या प्लिसिट मॉडेलवर, म्हणजे लैंगिक अडचणींबद्दल पेशंटशी टप्प्याटप्प्याने कसं बोलायचं त्याची पद्धत. त्यात चार पायऱ्या आहेत, पैकी पेशंटला बोलायची मोकळीक देणं आणि थोडी नेमकी माहिती देणं एवढं आपण करायचं, पुढचं डॉक्टर किंवा तज्ज्ञ बघतील. हे ऐकून अर्धं टेन्शन तिथंच गेलं, मला वाटायचं विषय काढला की सगळी उत्तरं आपल्यालाच द्यावी लागणार.

सगळ्यात कामाचं म्हणजे औषधांचं सेशन. पुरुषांच्या ताठरतेसाठीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टॅडालाफिल असेल तर ४८ तास नायट्रेट, म्हणजे छातीत दुखण्यावरचं हार्टचं औषध, द्यायचं नाही. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला हे न विचारता जिभेखाली सॉर्बिट्रेट (नायट्रेटचीच गोळी) ठेवली तर बीपी धाडकन खाली येऊ शकतं, आणि लाजेपायी तो स्वतःहून सांगत नाही, आपणच विचारायला पाहिजे.

परत आल्यावर रावेरकडचे एक केळीवाले काका ॲडमिट होते, शुगर जुनी. काकू चहा आणायला गेल्यावर मी शिकवलेलं वाक्य म्हटलं, "काका, शुगरमुळे बऱ्याच जणांना संबंधात अडचण येते, तुम्हाला काही विचारायचंय का?" ते चादरीची कड बोटाला गुंडाळत राहिले, मग हळूच म्हणाले, "दोन वर्षं झाले सिस्टर, कोनाले सांगू?" त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं करून दिलं.

एक स्टार कापला कारण सगळं पुस्तकी मराठीत, हँडआउट तर इंग्लिशमध्ये. अहिराणी बोलणाऱ्या मावशीसमोर 'लैंगिक समाधान' म्हटलं तर तिला काय कळणार? आणि "स्वतंत्र खोलीत बोला" म्हणे, जनरल वॉर्डात खोली कुठून आणायची, मी आता ड्रेसिंग रूममध्ये दोन स्टूल ठेवलेत.

पिशवी काढलेल्या बायकांचा विषय मात्र शेवटच्या अर्ध्या तासात उरकला. आता तुझं सगळं संपलं असं घरातलेच त्यांना सांगतात हो! पुढच्या बॅचला त्याला निदान अर्धा दिवस द्या, आणि गायनॅकच्या सिस्टर्सनी नक्की जा.