सोफिया लर्निंग आणि तिची भावंडे : अमेरिकेतील स्वस्त कॉलेज क्रेडिट्सचे परीक्षण

अमेरिकेत बॅचलर पदवीसाठी साधारणपणे १२० क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारी अभ्यासाची एकके, लागतात आणि त्यांतला मोठा वाटा इंग्रजी लेखन, बीजगणित, संख्याशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र अशा सर्वांना सक्तीच्या विषयांत जातो. हे विषय कुठे शिकलात, अशी विचारपूस पुढे नोकरीत फारसे कोणी करत नाही, पण त्यांचे शुल्क मात्र मुख्य विषयांच्याच दराने आकारले जाते. कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये चार वर्षांच्या सरकारी कॉलेजांत त्याच राज्यातील विद्यार्थ्यासाठी सरासरी वार्षिक शुल्क ११,६१० डॉलर आणि खासगी ना-नफा कॉलेजांत ४३,३५० डॉलर होते. वर्षाला ३० क्रेडिट्स धरली, तर तीन क्रेडिट्सचा एक विषय सरकारी कॉलेजात सुमारे ११६० डॉलरला आणि खासगी कॉलेजात चार हजारांहून अधिक डॉलरला पडतो. ही छापील किंमत झाली आणि शिष्यवृत्त्यांमुळे प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम अनेकांसाठी बरीच कमी असते. तरीही महिन्याला ९९ डॉलरच्या वर्गणीत हेच विषय ऑनलाइन देऊ करणाऱ्या सोफिया लर्निंगकडे लोक का वळतात, हे एवढ्यावरून कळते.

सोफियाचे मूल्यमापन करण्याआधी ही सोय कशाच्या आधारावर उभी आहे ते पाहिले पाहिजे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. सोफिया, स्टडी डॉट कॉम, स्ट्रेटरलाइन, सेलर अकॅडमी यांपैकी एकही संस्था कॉलेज नाही आणि एकीलाही पदवी देण्याचा अधिकार नाही. त्यांच्या अभ्यासक्रमांना वजन मिळते ते अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, म्हणजे एस (ACE), या १९१८ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या शिफारशीमुळे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या प्रशिक्षणाला शैक्षणिक मोल ठरवून देण्याचे काम ही संघटना त्या काळापासून करत आली आणि १९७४ पासून तिने कंपन्यांच्या व इतर संस्थांच्या अभ्यासक्रमांनाही तीच पद्धत लावली. कॉलेजांत शिकवणारे प्राध्यापक अभ्यासक्रम आणि परीक्षा तपासतात, आणि हा विषय अमुक पातळीच्या इतक्या क्रेडिट्सच्या योग्यतेचा आहे, असे मत देतात. न्यूयॉर्कमधील नॅशनल कॉलेज क्रेडिट रेकमेंडेशन सर्व्हिसही असेच काम करते. हे मत मानण्याचे बंधन कोणत्याही कॉलेजावर नाही. जाहिरातींत मात्र ही शिफारस एखाद्या हक्कासारखी मांडलेली दिसते, आणि ती वाचून पैसे भरणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो.

सोफियाची मूळ कंपनी स्ट्रॅटेजिक एज्युकेशन आहे. कॅपेला आणि स्ट्रेयर ही दोन विद्यापीठेही याच कंपनीची आहेत, हे वाचकाने लक्षात ठेवावे, कारण स्वस्त क्रेडिट्स देणारी संस्था ही एका अर्थाने पदवी विकणाऱ्या संस्थेची देवडी आहे. म्हणून तिचा माल वाईट ठरत नाही. वर्गणी भरली की एका वेळी दोन अभ्यासक्रम उघडता येतात आणि त्यांतला एक संपला की पुढचा घेता येतो. महिन्याभरात किती विषय पूर्ण करावेत यावर मर्यादा नाही. त्यामुळे एका क्रेडिटचा भाव ठरतो तो विद्यार्थ्याच्या वेगावर. ज्याला विषयाची आधीच जाण आहे आणि रोज दोन-तीन तास देता येतात, तो एका महिन्यात तीन-चार विषय उरकू शकतो आणि त्याला प्रत्येक विषय पंचवीस ते तेहेतीस डॉलरला पडतो. कामाच्या रगाड्यात एकच विषय तीन महिने रेंगाळला, तर तोच तीनशे डॉलरच्या घरात जातो आणि मग कम्युनिटी कॉलेजचे, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचे, शुल्क फारसे लांब राहत नाही.

अभ्यासक्रमाची रचना सुटसुटीत आहे. छोटे लिखित पाठ, सोबत चित्रफिती, प्रत्येक पाठगटानंतर काही प्रश्नांचे 'चॅलेंज' आणि प्रत्येक घटकाच्या शेवटी 'माइलस्टोन' नावाची बहुपर्यायी परीक्षा असते. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ७० टक्के गुण पुरतात. परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्यासमोर बसण्याचे किंवा पर्यवेक्षकाचे बंधन नसते, आणि सोफियाची सर्वांत मोठी सोय व सर्वांत मोठा दोष दोन्ही यातच आहेत. पाठ शेजारी उघडे ठेवून प्रश्न सोडवणाऱ्याला अडवणारे कोणी नाही. समाजशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा कलेचा इतिहास यांसारख्या विषयांत, मन लावून वाचले नाही तरी, नुसत्या शोधाशोधीवर विषय पार पडू शकतो. संख्याशास्त्र आणि बीजगणितात तसे पुरते जमत नाही, पण तिथेही उत्तराच्या पायऱ्या कोणी तपासत नसल्याने कच्चा राहिलेला पाया कच्चाच राहतो. ज्याला पुढे कॅल्क्युलस किंवा अर्थमिती घ्यायची आहे त्याने सोफियावरचे गणित केवळ उजळणी म्हणून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला सन्माननीय अपवाद आहे तो लेखनाच्या विषयांचा. इंग्लिश कंपोझिशनच्या दोन्ही भागांत आणि इतर काही विषयांत 'टचस्टोन' म्हणून लेखी काम द्यावे लागते, ते माणसे तपासतात आणि शेरे लिहून परत पाठवतात. रूपरेषा, कच्चा मसुदा, मग सुधारित निबंध असा क्रम असल्यामुळे विद्यार्थ्याला खरोखर लिहावे लागते, आणि एक भाग तपासून येईपर्यंत पुढचा अडून राहत असल्याने तिथे घाई चालत नाही. वर्गणीचा महिना सुरू होताच लेखनाचा विषय आधी उघडावा आणि मसुदा तपासून येईपर्यंत दुसऱ्या जागेवर बहुपर्यायी परीक्षांचा विषय चालवावा, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. सोफियावरच्या विषयांपैकी पैशाच्या मोबदल्यात सर्वांत अधिक काही हाती लागते ते याच दोन विषयांत.

सोफियाची मर्यादा अशी की तिचे बहुतांश विषय पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीची क्रेडिट्स हवी असतील, तर स्टडी डॉट कॉमकडे जावे लागते. तिथली मासिक वर्गणी सोफियाच्या दुपटीहून अधिक आहे, आणि त्या वर्गणीत महिन्याला मोजक्याच अंतिम परीक्षा समाविष्ट असतात. त्यापुढच्या प्रत्येक परीक्षेचे वेगळे पैसे पडतात. परंतु ही अंतिम परीक्षा संगणकावर देखरेखीखाली होते आणि बहुतेक विषयांत गुणांचा मोठा भाग तिच्यावरच अवलंबून असतो, त्यामुळे अभ्यास टाळून पुढे सरकता येत नाही. पाच-दहा मिनिटांच्या चित्रफिती, खाली त्यांचा पूर्ण मजकूर आणि मागोमाग छोटी चाचणी, हा त्यांचा साचा कंटाळवाणा असला तरी नोकरी करणाऱ्याला सोयीचा आहे. शिकवण्याच्या दर्जाची तुलना केली तर मी स्टडी डॉट कॉमला सोफियाच्या वर ठेवेन, आणि पैशांच्या हिशेबात खाली.

स्ट्रेटरलाइनची मासिक वर्गणी सोफियाइतकीच दिसते, पण प्रत्येक विषयाचे शुल्क तिच्यावर वेगळे लागते, हे पहिल्या नजरेत ध्यानात येत नाही. प्रयोगशाळेसह रसायनशास्त्र किंवा शरीररचनाशास्त्र हवे असेल तरच तिचा विचार करावा. सेलर अकॅडमी ही ना-नफा संस्था असून तिचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत आणि क्रेडिटसाठीच्या देखरेखीखालील परीक्षेचे शुल्कही नाममात्र आहे. मात्र साहित्य ठिकठिकाणाहून जमवलेले असल्याने त्यात सलगता कमी आढळते.

या सगळ्यांच्या रांगेत क्लेप (CLEP) परीक्षेचे, म्हणजे वर्गात न बसता नुसती परीक्षा देऊन क्रेडिट मिळवण्याच्या सोयीचे, नाव घेतले जात नाही, याचे मला नवल वाटते. कॉलेज बोर्ड ही परीक्षा १९६७ पासून घेते. २० ते ८० या मोजपट्टीवर ५० गुणांची शिफारस एसने केलेली आहे आणि २९०० हून अधिक कॉलेजे या परीक्षेला क्रेडिट देतात. सोफियाला नकार देणारी अनेक सरकारी विद्यापीठे क्लेप मान्य करतात, कारण परीक्षा केंद्रावर किंवा देखरेखीखाली दिलेल्या स्वतंत्र परीक्षेवर त्यांचा विश्वास असतो. शुल्क शंभर डॉलरच्या आसपास आहे, परंतु मॉडर्न स्टेट्स या धर्मादाय संस्थेचा विनामूल्य अभ्यासक्रम पूर्ण केला की त्या शुल्काचे व्हाउचर मिळते, म्हणजे तीन क्रेडिट्स, आणि स्पॅनिशसारख्या भाषेत त्याहून अधिक, जवळजवळ फुकट हाती येऊ शकतात. एका बैठकीत परीक्षा देण्याची ज्याला भीती वाटत नाही, त्याने सोफियाची वर्गणी भरण्याआधी आपल्या कॉलेजचे क्लेपचे कोष्टक पाहावे.

आता प्रश्न उरतो तो स्वीकाराचा. न्यू जर्सीतील थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, न्यूयॉर्क राज्यातील एक्सेलसियर आणि कनेक्टिकटमधील चार्टर ओक स्टेट कॉलेज या तिन्ही संस्था १९७० च्या दशकाच्या आरंभी, अर्धवट शिक्षण राहिलेल्या प्रौढांना पदवी पूर्ण करता यावी याच हेतूने निघाल्या, आणि बाहेरच्या क्रेडिट्सबाबत त्या आजही उदार आहेत. सदर्न न्यू हॅम्पशर युनिव्हर्सिटी १२० पैकी ९० क्रेडिट्सपर्यंत बाहेरून आलेली स्वीकारते. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत सोफियाचा कोणता विषय त्यांच्या कोणत्या विषयाच्या जागी चालतो याची पदवीनिहाय यादीच उपलब्ध असते. तिथे शुल्क विषयागणिक नसून सहा महिन्यांच्या सत्रासाठी ठोक असते, त्यामुळे बाहेरून आणलेल्या क्रेडिट्सचा फायदा एखादे सत्र कमी होण्यात मोजावा लागतो. दोन-तीन सुटे विषय आणून सत्रांची संख्या तेवढीच राहणार असेल, तर त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पारंपरिक सरकारी विद्यापीठांत आणि नामांकित खासगी कॉलेजांत चित्र बहुधा उलट असते. तिथे विषय मान्य झाला तरी तो नुसता वैकल्पिक म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि मग १२० चा आकडा पुढे सरकला तरी सक्तीचा विषय शिल्लकच राहतो. प्रवेश सल्लागाराने फोनवर दिलेला होकार पुरेसा मानू नये. रजिस्ट्रार कार्यालयाकडून विषयाचे नाव आणि समकक्ष क्रमांक यांसह ईमेलने उत्तर घ्यावे. कॉलेजे आपले नियम बदलतात, तेव्हा आधीच मिळवलेली क्रेडिट्स लवकरात लवकर पाठवून नोंदवून घेणे हिताचे असते. सोफिया आपले ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचा अधिकृत दाखला, पाठवण्याचे शुल्क घेत नाही.

अठरा वर्षांच्या मुलाने बारावीनंतर वर्षभर घरी बसून अशी क्रेडिट्स जमवावीत, हा सल्ला मात्र मला पटत नाही. कम्युनिटी कॉलेजचे सरासरी वार्षिक शुल्क २०२४-२५ मध्ये ४०५० डॉलर होते, म्हणजे तीन क्रेडिट्सना सुमारे चारशे. त्या रकमेत शिक्षक मिळतो, प्रयोगशाळा मिळते, जीपीएमध्ये, म्हणजे श्रेणींच्या सरासरीत, धरली जाणारी श्रेणी मिळते, गरजू विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या पेल अनुदानासाठी अर्ज करता येतो आणि अनेक राज्यांत सरकारी विद्यापीठांशी झालेल्या करारांमुळे क्रेडिट्स हस्तांतरित होण्याची हमीही असते. पर्यायी संस्थांची क्रेडिट्स जीपीएमध्ये धरली जात नाहीत आणि त्यांच्या वर्गणीसाठी केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्य मिळत नाही. वैद्यकीय, दंतवैद्यक किंवा तत्सम शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्याने विज्ञानाचे विषय तरी या मार्गाने अजिबात घेऊ नयेत, कारण तिथे अधिस्वीकृत कॉलेजातील श्रेणी पाहिली जाते.

आपल्याकडच्या दोन गटांसाठी वेगळे लिहिणे आवश्यक आहे. भारतातील तीन वर्षांची बी.कॉम. घेऊन आलेल्या आणि अमेरिकेत सीपीए, म्हणजे परवानाधारक लेखापाल, होऊ पाहणाऱ्या अनेकांना १५० क्रेडिट्सच्या मार्गाने परवाना घेताना कमी पडणाऱ्या क्रेडिट्सचा खड्डा भरून काढायचा असतो. येथे निर्णय राज्याच्या अकाउंटन्सी मंडळाचा असतो, आणि काही मंडळे एसची शिफारस थेट मान्य करत नाहीत. तेच क्रेडिट अधिस्वीकृत कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर उमटले तर गोष्ट निराळी होऊ शकते, म्हणून मंडळाचे लेखी उत्तर आल्याशिवाय एकही डॉलर खर्चू नये. दुसरा गट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांचा. त्यांनी सत्रामध्ये पूर्णवेळ नोंदणी राखणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्या मोजणीत सत्राला ऑनलाइन विषय एकच, तोही तीन क्रेडिट्सपर्यंत, धरला जातो. सोफिया किंवा स्टडी डॉट कॉमवरचा विषय तर या नोंदणीत मुळीच येत नाही, कारण तो त्यांच्या विद्यापीठातला विषयच नसतो. सुट्टीत असे विषय पूर्ण करून नंतर हस्तांतरित करून घेता येतात, परंतु त्यामुळे एखाद्या सत्रात विषयांची संख्या पूर्णवेळाच्या खाली जाणार असेल, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी आधी बोलून घ्यावे.