लक्षणं जाणं आणि आयुष्य मार्गी लागणं

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरमध्ये, म्हणजे भावना आणि नाती सतत अस्थिर ठेवणाऱ्या व्यक्तिमत्त्वविकारात, 'बरा झाला' कुणाला म्हणायचं? अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयाने १९९२ पासून अशा २९० रुग्णांचा माग घेतला. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं ओसरली. पण जोडीला जवळचं नातं आणि टिकून केलेलं पूर्णवेळ काम किंवा शिक्षणही मोजलं, की आकडा ५० टक्क्यांपर्यंत खाली येतो. स्वतःला इजा करणं तुलनेने लवकर थांबतं. राग आणि एकटेपणा सहन न होणं मात्र चिवट. फाइलीत पहिला आकडा शोभतो, घरच्यांना दुसरा जाणवतो.

२४ वर्षांत ५.९ टक्क्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. इतर व्यक्तिमत्त्वविकारांत १.४. बॉर्डरलाइनच्या रुग्णांपैकी इतर कारणांनी मात्र १४ टक्के गेले, याकडे फारसं कुणी बघत नाही. अकाली गेलेल्यांत आयुष्य मार्गी न लागलेलेच अधिक होते.